अकराव्या तासाची मजुरी

तीस-पस्तीस वर्षे कारखान्यात घालविलेला मनुष्य निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या हाती हिशेबाचा कागद पडतो. भविष्यनिर्वाह निधी इतका, ग्रॅच्युइटी इतकी. हा कागद बरोबर असावा म्हणून आम्ही संघटनेची माणसे भांडतो, आणि ते भांडण रास्तच आहे. परंतु त्या कागदावर एका प्रश्नाचे उत्तर नसते. ‘यापुढे मी कशासाठी?’ हा तो प्रश्न. ज्याची किंमत जन्मभर रोजावर ठरली, त्याचा रोज थांबला की तो स्वतःलाच बिनकिमतीचा समजू लागतो. म्हातारपणाचे खरे दुःख गुडघ्यांत नसून या समजुतीत आहे.

या प्रश्नाचा ख्रिस्ती विचार शोधू जाता आम्हांस प्रथम मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टांत आठवतो. मालक पहाटे मजूर लावतो, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला लावतो, आणि अकराव्या तासाला, म्हणजे आपल्या हिशेबाने सायंकाळी पाचच्या सुमारास, आणखी काही जणांना कामावर घेतो. संध्याकाळी सर्वांस सारखाच एकेक दिनार मिळतो. कामगार कार्यकर्त्यास हा दृष्टांत पचायला जड! दिवसभर उन्हात राबलेल्यांची तक्रार आम्हांस आपलीच वाटते. पण त्यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उशिरा आलेले लोक आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका कुटुंबाचे पोट. मालकाने तास मोजले नाहीत, गरज मोजली. पहाटवाल्यांच्या ठरल्या मजुरीतून त्याने एक कवडीही कापली नाही. तेव्हा दृष्टांताचे मर्म असे, की दिवस मावळतीला आला म्हणून मळ्याचे दार बंद होत नाही.

आपल्याच महाराष्ट्रात या मावळतीच्या वेळी मळ्यात राबलेली माणसे होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढे केडगावी दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी मुक्तिसदन उभे केले. एवढ्यावर कोणीही विसावला असता. परंतु पन्नाशीच्या आसपास त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. हेतू हा, की खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही ते समजावे. छापखाना केडगावचाच. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे आश्रमातल्या स्त्रिया करीत. ज्यांना जगाने ओझे म्हणून टाकले होते, त्यांच्या बोटांनी हा ग्रंथ जुळला!

1921 साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. आपल्यामागे काम सांभाळील ही जिच्यावर भिस्त, तीच आधी गेली. स्वतः रमाबाईंची प्रकृती खालावलेली, कानांनी ऐकू कमी येई. तरी मुद्रिते तपासणे चालूच राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, त्या हे काम उरकून. ग्रंथ पूर्ण छापून बाहेर आला 1924 साली. त्यांना तो हाती धरता आला नाही, आणि ते भाषांतर पुढे सर्वत्र रूढही झाले नाही. मग ते श्रम वाया गेले काय? केवळ फळावरून मोजणारा ‘होय’ म्हणेल. रमाबाईंचा हिशेब निराळा होता. काम सोपविणारा देव, फळही त्याच्याच हाती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण याच्या उलट. 1917 साली, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ज्या वयात आपण निवृत्तिवेतनाची गणिते करतो, त्या वयात या माणसाने वेतनच सोडून नवा डाव मांडला. परंतु 9 मे 1919 रोजी ते वारले. दरबार नुकता भरू लागला होता आणि ‘ख्रिस्तायन’ थोड्याच अध्यायांवर थांबले होते. मृत्यू काम पुरे झाले की नाही हे विचारीत नाही.

ते अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. घरीच लिहावयास-वाचावयास शिकलेल्या या बाईने पन्नाशीनंतर साठांहून अधिक अध्याय रचले. 1934 पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. आपल्या भाषेतले ते अस्सल गद्य म्हणजे एका वृद्धेची उतारवयातली कमाई होय. 1936 साली त्यांचाही दिवस मावळला.

यावर आमचे सोबती विचारतील, परलोकाची आशा दाखवून मजुराला इहलोकी गप्प बसविण्याचा हा जुनाच डाव नाही काय? तसा डाव खेळला गेला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या तिघांना पुनरुत्थानाच्या आशेने गप्प बसविले नाही, उलट कामाला लावले. मरणाने सर्व संपत नाही असे मानणाऱ्याला अपुरे काम हाती घेण्याची भीती उरत नाही, कारण ते पुरे करण्याचा हट्ट त्याच्या एकट्याचा नसतो.

म्हणून निवृत्तांसाठी आमचे मागणे दुहेरी आहे. वृद्धाला त्याचे हक्काचे दाम मिळाले पाहिजेत, त्यात पैचीही सूट नाही. आणि त्याला काम मिळाले पाहिजे. पोटासाठी जुंपणे नव्हे, तर शिकविणे, सांगणे, जुने जाणून नव्यांच्या हाती देणे. अकराव्या तासाला नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला ‘तू इथे का उभा?’ असे विचारणारे कोणी तरी हवे. ते विचारणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातचे आहे.