खणाच्या कोपऱ्यातील इतिहास

जुन्या मेजाचा खण पुरता बाहेर ओढून त्याचा कोपरा न्याहाळला, तर दोन फळ्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. बाजूच्या फळीची टोके पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखी रुंद होत गेलेली असतात आणि दर्शनी फळीचे दाते त्यांच्यामध्ये घट्ट बसलेले असतात. आकारामुळेच इंग्रजीत या सांध्याला 'डव्हटेल' हे नाव पडले. खण रोज ओढला जातो. परंतु शेपटीचा रुंद भाग अरुंद वाटेने निसटत नाही. सरस झडला तरी सांधा तग धरतो. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतील लाकडी वस्तूंतही तो आढळतो.

शतकानुशतके हे काम हातानेच होत असे. आखणीची रेघ ओढावी, बारीक करवतीने तिरके छेद घ्यावेत, पटाशीने मधले लाकूड काढावे. केसभर चूक झाली, तर फट कायमची राही. म्हणूनच हा सांधा सुताराच्या कसबाची कसोटी ठरला.

एकोणिसाव्या शतकात फर्निचरचे कारखाने उभे राहिले आणि ही कसोटीच अडसर वाटू लागली. फिरते पाते वाटोळा मार्ग कापते. करवत-पटाशीचा नेमका कोपरा त्याला साधेना. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या चार्ल्स नॅप याने 1867 मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याने शेपटीचा आकारच सोडून दिला. अर्धगोल कंगोरे आणि प्रत्येकाच्या मध्यभागी वाटोळी खुंटी, असा त्याचा सांधा होता. यंत्राला सांधा जमेना, म्हणून सांधाच यंत्राजोगा झाला! असा कोपरा दिसला, की ते फर्निचर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील अमेरिकन असावे, असे जाणकार ओळखतात.

पुढे शंकूच्या आकाराच्या फिरत्या पात्याने शेपटीही कापता येऊ लागली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे आर. एल. कार्टर याने हाती धरायचे विजेचे यंत्र, म्हणजे राउटर, तयार केले. त्याचा हा व्यवसाय 1929 मध्ये स्टॅन्ले कंपनीने घेतला. त्याला फणीसारख्या दातांच्या साच्याची जोड मिळाली. दोन्ही फळ्या साच्यात आवळाव्यात, पाते दातांमधून फिरवावे, की दोन्ही बाजू एकदमच कापल्या जातात. सांधा सैल झाला, तर पाते किंचित खाली घ्यायचे. फार घट्ट झाला, तर वर. आखणीची सारी हुशारी साच्यात साठलेली असते.

जे काम हाती यायला शिकाऊ मुलाची वर्षे जात, ते हौशी माणसालाही साधले, हा लाभ लहान नव्हे. मात्र ज्या कामावरून सुताराची पारख होई, ते काम त्याच्या एकट्याचे राहिले नाही. तरीही एक मर्यादा उरलीच. पात्याच्या मानेहून अरुंद वाट राउटरला काढता येत नाही; करवत मात्र दाता सुईसारखा निमुळता करू शकते. अशा नाजूक दात्यांच्या मुळाशी हातकामाच्या खणात बहुधा एक बारीक रेघ दिसते. ती सुताराने आखणीसाठी ओढलेली असते, आणि काम संपल्यावर ती पुसण्याची गरज त्याला वाटलेली नसते.