टेबलावरचे रणांगण : इतिहासग्रंथ आणि नियमपुस्तक कसे निवडावे?

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

क्रांती चौकातील अश्वारूढ शिवपुतळ्यापाशी उभे राहिले, की या शहरात इतिहास हा केवळ पाठ्यपुस्तकाचा विषय नाही, हे ध्यानात येते. १८५७ मध्ये बंड करणाऱ्या घोडदळातील शिपायांना देहान्त शासन झाले, त्याची आठवण सांगणारा काळा चबुतरा याच परिसरातला. या चौकापासून सुमारे शंभर किलोमीटरच्या परिघात दौलताबाद, पालखेड आणि असई ही तीन रणक्षेत्रे येतात. यांपैकी एखादी लढाई घरच्या टेबलावर मांडून पाहावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो पुस्तकांचा. कोणता इतिहासग्रंथ घ्यावा आणि कोणते नियमपुस्तक?

खेळ नेमका काय?

ऐतिहासिक युद्धखेळ, अर्थात वॉरगेमिंग, म्हणजे छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती, टेबलावर रचलेला भूप्रदेश, मोजपट्टी आणि फासे यांच्या साह्याने जुनी लढाई पुन्हा खेळून पाहणे. बुद्धिबळाशी त्याचे नाते असले, तरी येथे सोंगट्यांची चाल ठरीव नसते. पथक किती इंच सरकेल, तोफेचा मारा कितपत लागू पडेल, सैन्याचा धीर केव्हा खचेल, हे सारे नियमपुस्तक सांगते. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात लष्करी शिक्षणासाठी असा खेळ घडविला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून तो घराघरांत नेला, तर डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या 'वॉर गेम्स'ने त्याला आधुनिक छंदाचे रूप दिले.

आधी इतिहास, मग नियम

नवखा खेळाडू बहुधा आकर्षक नियमपुस्तक आधी विकत घेतो आणि नंतर त्यात बसेल अशी लढाई शोधतो. क्रम उलटा हवा. पालखेडचेच उदाहरण घ्या. १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला पुण्याच्या परिसरातून आपल्या मागे खेचले, अवजड तोफखाना मागे ठेवणे भाग पाडले आणि पालखेडजवळ त्याचे पाणी व रसद तोडली. मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. निर्णय लागला तो घोडदौडीने, समोरासमोरच्या घनघोर संग्रामाने नव्हे. हा प्रसंग दोन रांगा समोरासमोर उभ्या करणाऱ्या नियमांनी खेळला, तर बाजीरावाचे कौशल्य टेबलावर उमटणारच नाही. येथे नकाशावर चालणारा मोहिमेचा खेळ हवा. दौलताबादला १६३३ मध्ये मोगलांनी घातलेल्या वेढ्यासाठी नियम वेगळे, आणि असईसाठी आणखी वेगळे.

इतिहासग्रंथाच्या चार कसोट्या

एक, कोणते पथक कोठे उभे होते हे ग्रंथ सांगतो काय? दोन, त्यात प्रमाणासह नकाशा आहे काय? तीन, सैन्याचे आकडे कोठून घेतले हे लेखक नमूद करतो काय? चार, दोन्ही पक्षांची साधने वापरली आहेत काय?

बखरींतील लाखांचे आकडे जसेच्या तसे टेबलावर आणू नयेत. कादंबरी वाचून गोडी लागते हे खरे. परंतु कादंबरीतून सैन्यरचना उचलू नये. पानिपतासाठी त्र्यं. शं. शेजवलकर यांचा 'पानिपत : १७६१' हा ग्रंथ आणि वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड जवळ असावा. एकूण राजकीय चौकटीसाठी गो. स. सरदेसाई यांची 'मराठी रियासत' आहे. मराठी सैन्याच्या घडणीसाठी सुरेंद्रनाथ सेन यांचे १९२८ चे 'मिलिटरी सिस्टिम ऑफ द मराठाज' अजूनही उपयोगी आहे. १८०३ च्या युद्धासाठी रँडॉल्फ कूपर यांचा २००३ मधील 'द अँग्लो-मराठा कॅम्पेन्स अँड द कॉन्टेस्ट फॉर इंडिया' वाचावा. ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास वाचताना लेखक कंपनीचा अधिकारी होता, हे विसरू नये.

नियमपुस्तक पाहताना

प्रथम कालखंड पाहावा. फिल बार्कर यांचे 'डी बेलिस अँटिक्विटॅटिस' प्राचीन व मध्ययुगीन लढायांसाठी आहे. त्यात प्रत्येक बाजूस अवघे बारा घटक असल्याने खर्च कमी, पण अठराव्या शतकाला ते लागू नाही. त्यासाठी २००९ मध्ये आलेले 'ब्लॅक पावडर' पाहता येईल. त्यात सेनापतीने दिलेला हुकूम पाळला जाईल की नाही, हे फासे ठरवितात. नील थॉमस यांच्या 'वन-अवर वॉरगेम्स'मध्ये प्रत्येक बाजूस जास्तीत जास्त सहा पथके असतात आणि तीन फूट लांबी-रुंदीचे टेबल पुरते. फ्लॅटमधील दिवाणखान्यात सुरुवात करण्यास ते सोयीचे आहे.

असईची परीक्षा

पुस्तक कसास लागते ते असईला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना व जुई या नद्यांच्या दुआबात आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला चढविला. कंपनीची सुमारे साडेचार हजार माणसे आणि सोबत म्हैसूर व पेशव्यांचे स्वार, अशी त्याची फौज होती. समोर पोलमनच्या हाताखाली दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ व सुमारे शंभर तोफा होत्या. मराठ्यांचे प्रचंड घोडदळ मात्र प्रत्यक्ष झुंजीत फारसे उतरले नाही. म्हणजे कागदावरचा आकडा आणि लढलेला आकडा एक नव्हे.

वेलस्लीने नदी ओलांडून बगल गाठताच पोलमनच्या पलटणींनी शिस्तीत मोहरा फिरविला. तोफा काबीज झाल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा शत्रूच्या पिछाडीवर डागल्या. वेलस्लीच्या उजवीकडील तुकडी भलतीकडे सरकून असई गावाच्या माऱ्यात सापडली. कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

आता नियमपुस्तक उघडावे. शिस्तबद्ध पायदळाला मोहरा बदलता येतो काय? हुकूम चुकण्याची शक्यता आहे काय? गमावलेली तोफ पुन्हा चालविता येते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, सैन्यसूचीत 'भारतीय फौज' म्हणून सरसकट हलकी प्रत दिली आहे काय? अनेकदा अशी प्रत युरोपीय लेखकाच्या सवयीतून आलेली असते. त्या प्रतीने खेळल्यास वेलस्ली अगदी अल्प हानीत जिंकेल. पण ती लढाई असईची नसेल. अशा वेळी पुस्तक टाकून देण्याचे कारण नाही. इतिहासग्रंथाच्या आधारे प्रत सुधारावी, आणि तसे का केले ते वहीत नोंदवून ठेवावे.

सुरुवात कशी करावी?

एक लढाई, एक विश्वसनीय ग्रंथ आणि एक छोटे नियमपुस्तक एवढे भांडवल पुरे. महागड्या प्रतिकृतींची घाई नको. पुठ्ठ्याचे रंगीत तुकडेही चालतात. पहिला डाव खेळण्यापूर्वी जालना जिल्ह्यातील असईस एकदा जाऊन यावे. दोन नद्यांच्या मधली ती चिंचोळी जमीन डोळ्यांनी पाहिली, की टेबलावर नदी कोठे काढायची आणि उतार कोठे ठेवायचा, याचा निर्णय आपोआप होतो.