भिंतीवरची दांडी कुणाच्या मापाची?

मोठ्या रुग्णालयात, विमानतळावर किंवा नव्या सरकारी इमारतीत अपंग व्यक्तींसाठी वेगळे स्वच्छतागृह असते. तेथे कमोडच्या शेजारी भिंतीवर स्टीलची एक आडवी दांडी बसवलेली दिसते. बसताना आणि उठताना धरायची ही दांडी. टॉवेल वाळत घालायच्या दांडीसारखीच ती दिसते, म्हणून तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पण तिची जमिनीपासूनची उंची, जाडी, भिंतीपासूनचे अंतर आणि तिने पेलायचा भार हे सगळे आकडे ठरलेले आहेत. हे आकडे कुणी ठरवले, आणि मुख्य म्हणजे कुणाचे शरीर डोळ्यांसमोर ठेवून ठरवले, याचा इतिहास जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे. तो समजला, की आपल्या शाळेच्या संडासाकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

उठून उभे राहणे

आधी थोडे विज्ञान पाहू. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला खुर्चीवर ताठ बसवा. पावले गुडघ्यांच्या पुढे ठेवायला सांगा आणि पुढे न झुकता उठायला सांगा. त्याला उठता येणार नाही. बसलेले असताना शरीराचा गुरुत्वमध्य बैठकीच्या वर असतो. उभे राहायचे तर तो पावलांच्या वर आणावा लागतो. म्हणून आपण नकळत पाय मागे घेतो, धड पुढे झुकवतो आणि मग मांडीच्या स्नायूंच्या जोरावर गुडघे सरळ करतो. बैठक जितकी ठेंगणी, तितका गुडघा जास्त वाकलेला आणि तितका मांडीवर जास्त ताण.

मांडीत जोर नसेल, तर हे काम हातांना करावे लागते. हातांना रेटा देण्यासाठी काहीतरी पक्के हवे. त्यातून न्हाणीघरातली फरशी ओली आणि साबणाने निसरडी. पाय आणि फरशी यांच्यातील घर्षण नेमके तेथेच कमी होते, जेथे ते सर्वात जास्त हवे असते. दांडी दोन कामे करते: हातांना रेटा देऊ देते आणि शरीराला पावलांखेरीज आणखी एक आधारबिंदू मिळवून देते.

युद्धानंतरचे विद्यार्थी

हे विज्ञान जुनेच आहे. मग मापे ठरायला विसावे शतक अर्धे का उलटावे लागले? कारण तोपर्यंत ही मापे मागणारी माणसेच समाजात फारशी वावरत नव्हती. पाठीच्या कण्याला गंभीर इजा झालेली बहुतेक माणसे पूर्वी काही वर्षांतच मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने किंवा शय्याव्रणांनी दगावत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रतिजैविके आली, शुश्रूषेच्या पद्धती सुधारल्या, आणि कमरेखाली लुळे पडलेले तरुण सैनिक जगू लागले. त्याच सुमारास अमेरिकेत पोलिओच्या साथी येत होत्या. एकट्या १९५२ साली तेथे सुमारे ५८,००० लोकांना पोलिओ झाला. चाकांच्या खुर्चीवरची ही तरुण पिढी घरात बसून राहायला तयार नव्हती. तिला शिकायचे होते.

१९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग येथील शाखेत अशा विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुरू झाला. ही शाखा भरत होती एका जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतींत. उपक्रमाचे प्रमुख होते टिमोथी न्यूजंट, स्वतः युद्धावरून परतलेले तरुण. पुढच्याच वर्षी ही शाखा बंद करण्याचे ठरले. तेव्हा विद्यार्थ्यांनी राज्याच्या राजधानीत जाऊन निदर्शने केली आणि अखेर उपक्रम अर्बाना-शॅम्पेन येथील मुख्य संकुलात हलवला गेला. तेथे प्रश्न रोजचे होते. वर्ग कसा गाठायचा? संडासाच्या दारातून खुर्ची आत कशी न्यायची? आत गेल्यावर खुर्चीवरून कमोडवर कसे जायचे? न्यूजंट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उतार, दारे आणि बैठकी प्रत्यक्ष वापरून, मोजून उत्तरे शोधली.

सहा पानांचे मानक

या कामातून १९६१ साली अमेरिकेचे एक राष्ट्रीय मानक तयार झाले. त्याचा क्रमांक ए११७.१. अपंग व्यक्तींना इमारती कशा वापरता येतील, हे सांगणारे हे मानक अवघ्या सहा पानांचे होते. त्यात संडासाविषयी काय म्हटले होते ते पाहा. निदान एक संडास तीन फूट रुंद असावा. दार ३२ इंच (८१ सेंमी) रुंद असावे आणि बाहेर उघडावे. दोन्ही बाजूंना जमिनीशी समांतर दांड्या असाव्यात, उंची ३३ इंच (८४ सेंमी), व्यास दीड इंच (३.८ सेंमी). दांडी आणि भिंत यांच्यात दीड इंच जागा असावी. दांडी दोन्ही टोकांना आणि मध्यभागी पक्की बसवावी. कमोडची बैठक २० इंच (५१ सेंमी) उंच असावी.

प्रत्येक आकड्यामागे कारण आहे. उंच बैठकीमुळे गुडघा कमी वाकतो, शिवाय ती चाकांच्या खुर्चीच्या बैठकीशी जवळपास समपातळीत येते. दीड इंच जाडीची दांडी मुठीत पुरती मावते. भिंतीपासूनच्या दीड इंच फटीत बोटे जातात, पण हात घसरला तर कोपरापर्यंत आत जाऊन अडकत नाही. दार बाहेर उघडणारे असले, की आत पडलेल्या माणसाचे शरीर दाराला अडसर ठरत नाही.

कुणाचे हात?

तरीही या मानकात एक उणीव होती. न्यूजंट यांचा भर विद्यार्थ्यांनी पूर्णपणे स्वावलंबी असण्यावर होता. ज्यांना रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते, त्यांना या उपक्रमात सुरुवातीला जागाच नव्हती. म्हणजे समोर होते ते मुख्यतः दणकट हातांचे तरुण. तीन फुटी संडासात चाकांची खुर्ची फक्त समोरून आत शिरते. दोन्ही दांड्या धरून, हातांवर शरीर उचलून वळवून बसावे लागते. दंडात जोर असलेल्या विशीतल्या तरुणाला हे जमेल. संधिवात झालेल्या सत्तरीच्या बाईंना किंवा एकच हात चालणाऱ्या माणसाला कसे जमावे?

हा प्रश्न इतरांनाही पडत होता. इंग्लंडमधील वास्तुविशारद सेल्विन गोल्डस्मिथ यांना १९५६ साली पोलिओ झाला. १९६३ मध्ये त्यांनी अपंगांसाठी इमारतींची रचना कशी करावी यावर मोठा संदर्भग्रंथ प्रसिद्ध केला. पण ते तेथेच थांबले नाहीत. नॉरिच शहरात चाकांची खुर्ची वापरणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेऊन, त्यांना शहरात कोठे अडते हे त्यांनी विचारले आणि ग्रंथाची पुढची आवृत्ती बदलली. अमेरिकेतही एडवर्ड स्टाइनफेल्ड यांनी वेगवेगळ्या प्रकारचे अपंगत्व असलेल्या लोकांना घेऊन प्रत्यक्ष चाचण्या केल्या. त्यांच्या आधारे १९८० साली ए११७.१ मानक नव्याने लिहिले गेले. आता पाच फूट रुंदीचा संडास आला. त्यात खुर्ची कमोडच्या शेजारी लावून आडवे सरकता येते, शरीर उचलावे लागत नाही. बैठकीची उंचीही १७ ते १९ इंचांवर आली, कारण २० इंच उंचीवर ठेंगण्या माणसाचे पाय अधांतरी राहतात.

विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे थांबून विचार करावा. मोजमाप दोन्ही वेळा प्रामाणिकपणेच झाले होते. फरक पडला तो कुणाला मोजले यात. नमुना अपुरा असेल, तर अचूक मोजलेला आकडाही अनेकांच्या उपयोगाचा राहत नाही.

शिफारस आणि सक्ती

१९६१चे मानक ऐच्छिक होते. १९६८च्या कायद्याने केंद्र सरकारच्या पैशातून होणाऱ्या इमारतींना ते लागू झाले. १९७३च्या कायद्यातील ५०४व्या कलमाने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना भेदभाव करण्यास मनाई केली. पण त्याचे नियम लवकर निघेनात. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अपंग आंदोलकांनी सरकारी कचेरीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, तेव्हा नियमांवर सही झाली. १९९०च्या कायद्याने खासगी दुकाने आणि हॉटेलेही कक्षेत आली. आज तेथे दांडीने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलोग्रॅम वजनाइतका जोर सहन केलाच पाहिजे, असा नियम आहे.

आपल्याकडे १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सार्वजनिक इमारतींतील उतार आणि चाकांच्या खुर्चीला सोयीचे संडास यांचा उल्लेख आला. पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही त्यात होती. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात शाळेची इमारत अडथळामुक्त असावी असे म्हटले आहे, आणि २०१६च्या कायद्याने हक्क अधिक स्पष्ट केले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी असून चालणार नाहीत, काही किमान नियम बंधनकारकच हवेत.

शाळेत पाहण्यासारखे

परदेशी आकडे जसेच्या तसे उचलावेत असे मात्र नाही. आपल्या बहुतेक शाळांत उकिडवे बसायचे संडास आहेत. तेथे उठताना शरीर फार खालून वर न्यावे लागते. ८४ सेंमीवरची आडवी दांडी बसलेल्याच्या डोक्याच्या आसपास येते. रेटा द्यायला ती निरुपयोगी. तेथे हाताच्या टप्प्यातली उभी दांडी अधिक उपयोगी पडते, आणि गुडघेच वाकत नसतील तर कमोडच हवा. मुलांची मापेही वेगळी. अमेरिकेच्या आजच्या मानकात ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी दांडी ५१ ते ६४ सेंमीवर आणि बैठक ३० ते ३८ सेंमीवर सुचवली आहे. प्राथमिक शाळेत मोठ्यांच्या मापाची दांडी बसवली, तर कागदोपत्री सोय होते आणि मुलाची अडचण कायम राहते.

दांडी कशी बसवली आहे हेही पाहावे. तरफेचा नियम येथे उत्तम शिकवता येतो. दीड इंच फट आणि दांडीची निम्मी जाडी धरून दांडीचा मध्य भिंतीपासून सुमारे ५.७ सेंमीवर येतो. पट्टीचे दोन स्क्रू उभ्या रेषेत ४ सेंमी अंतरावर आहेत असे माना. ६० किलो भार त्या टोकावर आला, तर खालचा स्क्रू टेकू धरून वरच्या स्क्रूवर ६० × ५.७ ÷ ४, म्हणजे सुमारे ८५ किलोग्रॅम भाराइतकी बाहेरची ओढ बसते. नुसत्या गिलाव्यात बसवलेला स्क्रू ही ओढ सोसणार नाही. तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोलवर गेलेला हवा. निखळणारी दांडी ही दांडी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विश्वास टाकून माणूस पूर्ण भार सोडतो.

आठवी-नववीच्या मुलांच्या हाती मोजपट्टी देऊन शाळेतील संडासाची पाहणी करायला सांगावी. दाराची रुंदी किती? ते कोणत्या बाजूला उघडते? उंबरठा आहे का? दांडी कितीवर आहे? ती टॉवेलची तर नाही? आणि शाळेत चालायला त्रास असलेले एखादे मूल असेल, तर त्याला किंवा तिला विश्वासात घेऊन, चारचौघांत नव्हे, काय हवे ते विचारावे. संडासाला जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारे मूल तक्रार करत नाही. ते हळूहळू शाळेत येणे कमी करते, आणि हजेरीपटावर त्याचे कारण लिहिलेले नसते.