पर्जन्यधारा आणि उपग्रहांचे संदेश

मुसळधार सर कोसळू लागली की दूरचित्रवाणीवरील चित्र गोठते आणि सर ओसरताच ते पूर्ववत् होते, हा अनुभव आज उष्ण कटिबंधात घरोघरी परिचित आहे. त्यामागील कारणाचा उलगडा मात्र पहिला उपग्रह आकाशात जाण्यापूर्वीच झालेला होता.

१९०८ साली गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने पाण्यात तरंगणारे सोन्याचे सूक्ष्म कण निरनिराळे रंग का दाखवितात, हे गणिताने सिद्ध केले. गोल कणावर पडलेल्या तरंगाचा किती अंश शोषला जातो आणि किती विखुरतो, हे त्याच्या सूत्रांवरून काढता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरात आल्या, तेव्हा इंग्लंडमध्ये जे. डब्ल्यू. राइड यांनी हेच गणित पावसाच्या थेंबांना लावले. लहर जितकी आखूड, तितकी पावसाची बाधा अधिक, हे त्यावरून स्पष्ट झाले.

१९६५ सालच्या पहिल्या व्यापारी उपग्रहाने जमिनीकडे संदेश पाठविण्यासाठी सुमारे साडेसात सेंटिमीटरची लहर योजिली होती. १९७१ साली पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उभे राहिलेले भूकेंद्रही याच पट्ट्यात काम करी. इंडोनेशियाने १९७६ साली आपली विखुरलेली बेटे जोडण्यासाठी 'पालापा' उपग्रह सोडला, तोही याच लहरींवर चालणारा होता. या लहरींना तबकड्या मोठ्या लागतात. परंतु ताशी १०० मिलिमीटर वेगाच्या पावसातही दर किलोमीटरमागे संदेशाची शक्ती शेकडा तीन-चार इतकीच घटते.

पुढे घराच्या गच्चीवर मावतील अशा लहान तबकड्यांसाठी अडीच सेंटिमीटरची लहर पुढे आली. तिची स्थिती निराळी. तेवढ्याच पावसात एका किलोमीटरअखेर तिची शक्ती जेमतेम एकतृतीयांश उरते. अशा चार किलोमीटरांनंतर शंभरांश! युरोपात असा पाऊस क्वचित आणि थोडा वेळ पडतो. विषुववृत्ताजवळ तो नेहमीचाच. म्हणून एका देशात निर्दोष ठरलेली यंत्रणा दुसऱ्या देशात ऐन वेळी मुकी होते.

२००७ साली जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेत जुन्या पट्ट्याचा काही भाग भ्रमणध्वनीसाठी मागण्यात आला, तेव्हा उपग्रहांच्या बाजूने हाच पावसाचा मुद्दा मांडला गेला. उपायही योजिले गेले आहेत: शक्तीची शिल्लक ठेवणे, काही किलोमीटर अंतरावर दुसरे केंद्र उभारणे, पाऊस वाढताच संदेशाचा वेग उतरविणे. तथापि त्या प्रत्येकाला पैसा लागतो. वादळाने तारा तुटल्या आणि रस्ते वाहून गेले, म्हणजे बेटावरच्या माणसाला आकाशाचाच आधार उरतो. आणि नेमक्या त्याच घटकेस पाऊस आडवा येतो. लहरीची निवड हा त्यामुळे केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न राहत नाही.