काळी, पांढरी आणि कुटार

आमच्या वर्धेकडे गावाचे दोन भाग मानतात : पिकते ती काळी, वसते ती पांढरी. पडक्या घराची पांढरी माती भिजवून पुन्हा भिंतीला वापरत. काळी मात्र भिंतीत कोणी घेत नसे. लहानपणी गारा तुडवताना मी काळीचे एक टोपले आणले, तर आजीने ते ओतून द्यायला लावले. म्हणाली, "हे पावसात फुगते, उन्हात फाटते. भिंत कशी राहीन?" तो प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

१९३६ च्या एप्रिलमध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला आले. आदिनिवास आसपासच्या साधनांतून, पाचशे रुपयांच्या आत बांधावा, ही त्यांची अट होती. अशा मातीच्या बांधकामाचे तंत्र जुनेच : माती वाळताना आकसून तडकते, तेव्हा कुटाराच्या काड्या आणि शेणातले तंतू तिला धरून ठेवतात.

मग काळीत दोष कोणता? बेसाल्ट झिजून झालेल्या या जमिनीत माँटमोरिलोनाइटच्या जातीची खनिजे भरपूर असतात. त्यांचा कण म्हणजे पत्त्यांचा जोड; एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग जाड. पानांमध्ये पाणी शिरले की जोड फुगतो.

१९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी याच फुगण्याचा उपयोग केला. पानांमध्ये नायलॉनच्या साखळ्या वाढवून त्यांनी पाने सुटी केली. शेकडा पाचाहून कमी मातीने नायलॉनचे भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ अंशांवरून १५० च्या आसपास गेले. पुढे हाच प्रयोग स्टार्चवर आणि मक्यापासून होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लावर, म्हणजे कुजणाऱ्या प्लास्टिकवर झाला. पाने नीट विखुरली तर ते ताठ होते. हवेला आणि वाफेलाही वळसे घालत जावे लागते.

भिंतीत काडी मातीला धरते. इथे माती काडीच्या भाऊबंदाला धरते, कारण स्टार्च आणि काडीतले सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच. पण म्हणून आपल्या पूर्वजांना नॅनोविज्ञान ठाऊक होते, असे मी लिहिणार नाही. त्यांना काळी टाळायची हे ठाऊक होते, आणि ते ज्ञान अनुभवाने पारखलेले होते.

एका बाबतीत मात्र आजीची भिंत अजून पुढे आहे. पॉलिलॅक्टिक आम्ल नीट कुजायला साठेक अंशांचा तापलेला कंपोस्ट ढीग लागतो. बांधावर पडलेली पिशवी वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. आजीची भिंत पडली, आणि तिची माती पुढच्याच उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या भिंतीला लागली.