पाळणाघरातली वेळ कुणाची?

पाळणाघराच्या दारावर बहुधा एक वेळापत्रक चिकटवलेलं असतं. साडेसातला मुलं येणार, नऊला नाश्ता, दहाला गाणी-गोष्टी, साडेबाराला वरणभात, मग झोप, चारला दूध, पाचला खेळ आणि संध्याकाळी साडेसातला घरी. बोरिवली असो वा घाटकोपर, कागद साधारण सारखाच. तो नीट वाचला तर लक्षात येतं की पहिली आणि शेवटची ओळ मुलाची नाहीच, ती लोकलची आहे. आईला अंधेरीला किंवा फोर्टात कितीला पोहोचायचंय, त्यावर मूल कितीला उठणार हे ठरतं. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू केली. नोकरी करणाऱ्या उपनगरी बाईचा दिवस रेल्वेच्या टाइमटेबलात आला. तिच्या मुलाचा दिवस मात्र शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये, कुणीही न छापलेल्या टाइमटेबलावर चालला होता.

मुलाने कुणाच्या घड्याळावर दिवस काढायचा, हा प्रश्न मुंबईत शंभर वर्षांहून जुना आहे. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीतल्या बायकांच्या कामाला मर्यादा घातली ती दिवसाला ११ तासांची. रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायका बऱ्याच असत. त्यांचं तान्हं मूल चाळीतल्या म्हातारीकडे किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर राही. ते शांत राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत. बाजारात ती ‘बाळागोळी’ म्हणून मिळे. १९१९ च्या वॉशिंग्टन आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा करार झाला. त्यानंतर मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. त्यांच्या पाहणीत अफूची ही चाल ठळकपणे नोंदली गेली.

आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या आयांना दोष देण्याआधी हिशेब बघायला हवा. मिलचा भोंगा बदलणार नव्हता, आईची पाळी बदलणार नव्हती. बदलता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, मुलाची झोप. बाळागोळी हेही एक वेळापत्रकच होतं.

कायदा हळूहळू जागा झाला. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने गिरणीतल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातल्या ४८ व्या कलमाने ५० पेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं. मुलांना फुकट दूध किंवा खाऊ देणं आणि गरजेच्या वेळी आईला पाजायला जाऊ देणं, याचे नियम करायचे अधिकार राज्यांना दिले. १९७६ मध्ये ५० चा आकडा ३० वर आला. पण मोजणी बायकांचीच राहिली. बाई कामावर घेतली की पाळणाघराचा खर्च जवळ आला, असा मालकाचा हिशेब त्यातून होऊ शकत होता. २०१७ च्या दुरुस्तीने हे बदललं. एकूण ५० कर्मचारी असले, मग ते पुरुष का असेनात, तरी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. अंधेरीतल्या आयटी ऑफिसांनाही हे लागू झालं.

हे सगळं महत्त्वाचं होतं. तरी यातली वेळ मोजली गेली ती आईच्या कामातून कापलेल्या मिनिटांत. मुलाचा दिवस कसा असावा, हा प्रश्न दुसरीकडे विचारला जात होता.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. तिथून मुंबईला आल्यावर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार चालवलं. तिथली मुलं आंघोळ करून, खाऊन, वेळेवर येणारी. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. तिथे त्यांची अनुताई वाघांशी गाठ पडली आणि अनुताई बोर्डीला कामाला आल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. आई-बाप कामावर, धाकटं भावंडं थोरल्याच्या कडेवर, अंगावर पाणी घेतलेलं नाही. ठरल्या वेळेला घंटा वाजवून उपयोग नव्हता. मग बालवाडीच वस्तीत गेली आणि कुणाच्या तरी अंगणात भरू लागली. ती अंगणवाडी. तिथल्या दिवसाची सुरुवात हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं अशी व्हायची. ही कामं अभ्यासाच्या आधी उरकून टाकायची नव्हती, तो अभ्यासच होता. मॉण्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे आले.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. तिथे मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुली शाळेत येत नव्हत्या, कारण घरचं तान्हं त्यांच्याकडे असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. मुलगी येताना भावंडाला घेऊन येई, ते पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. वेळापत्रक आखण्याचा याहून चांगला धडा मला कुठे सापडलेला नाही. दिवस कशामुळे अडतो ते आधी शोधायचं, तास नंतर पाडायचे.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. पण अंगणवाडी चालते दिवसातले मोजके तास. आठ-दहा तास बाहेर असणाऱ्या आईला ती पुरत नाही. हा खड्डा काहींनी आधीच ओळखला होता. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केलं, १९७२ मध्ये ते मुंबईत आलं. बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर उभं करायचं, मजुरांच्या वेळेत चालवायचं, इमारत झाली की पुढच्या साइटवर न्यायचं. ज्या टॉवरांमध्ये आज आपण राहतो, त्यांच्या पायाशी अशीही एक वेळ पाळली गेली आहे.

गेल्या वर्षी मुलुंडच्या एका ओळखीच्या काकूंनी त्यांच्या पाळणाघराचं वेळापत्रक करून मागितलं. माझं काम सॉफ्टवेअरचं. अटी दिल्या की कोष्टक तयार होतं. म्हणून आधी आम्ही अटी लिहिल्या. वर्षाच्या आतल्या बाळांना एकत्र वेळ नाही, ज्याला भूक त्याला दूध, ज्याला झोप त्याला पाळणा, आणि प्रत्येकाची वेगळी नोंद. एक ते तीन वर्षांच्या मुलांना जेवणानंतर एक झोप, ती कुणाच्याही सोयीसाठी मोडायची नाही. मोठ्यांना झोप नको असेल तर चित्रं घेऊन शांत बसायला एक कोपरा. सकाळी मूल आलं की पहिली पंधरा मिनिटं काहीच शिकवायचं नाही. संध्याकाळी सहानंतर नवं काही सुरू करायचं नाही, कारण मुलांचे कान तेव्हा दाराकडे असतात.

सगळ्यात अवघड अट शेवटी आली. पाळणाघर बारा तासांचं असेल तर ताईंच्या पाळ्या दोन हव्यात. साडेसातला दार उघडणारी ताई स्वतः घरातून किती वाजता निघते? तिचं मूल कुठे असतं? काकूंनी दोन पाळ्या केल्या. मुलं झोपलेली असताना ताई बदलतात, त्याच वेळात कोण किती जेवलं हे एकमेकींना सांगतात. आणि एका ताईची मुलगी आता तिथेच येते. फी अर्थातच थोडी वाढली. दोन पालकांनी त्यावर वाद घातला, बाकीच्यांनी दिली. स्वस्त पाळणाघराचा फरक बहुतेक वेळा ताईच्या तासांतून भरून निघतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातात मुलाचे शेवटचे दोन तास जातात.

पुढच्या वेळी कुठल्या पाळणाघराच्या दारावरचा कागद दिसला, तर प्रत्येक ओळीपुढे मनात एक नाव लिहून बघा. रेल्वे, ऑफिस, ताई, मूल. मुलाच्या नावावर किती ओळी निघतात, ते मोजा. मग फी विचारा.