इंकांची वाट आणि तिचे ओझेकरी

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला पेरू नावाचा देश आहे. त्या देशात कुस्को हे जुने राजनगर, आणि कुस्कोच्या वायव्येला डोंगराच्या धारेवर माचू पिचू नावाचे इंका लोकांचे ओसाड गाव. ते पाहायला जगभरातून माणसे जातात. बहुतेक जण आगगाडीने पायथ्याला उतरतात, बसने वर चढतात आणि संध्याकाळच्या आत परततात. थोडे मात्र चार दिवस डोंगरातून पायी चालत जातात. आज त्या पायवाटेबद्दल दोन शब्द सांगायचे आहेत. तुम्ही स्वतः चालणारी माणसे, त्यामुळे फार समजावून सांगावे लागणार नाही.

कुस्कोकडून येणारा लोहमार्ग उरुबांबा नदीच्या काठाकाठाने जातो. त्या मार्गावर 82 किलोमीटरचा दगड आहे, तिथे नदी ओलांडली की वाट सुरू होते. एकूण चाल सुमारे 43 किलोमीटरची. सपाटीवर चालणारा म्हणेल, हे तर दोन दिवसांचे काम! पण दुसऱ्याच दिवशी ही वाट 4,215 मीटर उंचीच्या खिंडीवर नेते. त्या उंचीवर हवा विरळ. दहा पावले टाकली की थांबावे लागते, डोके ठणकते, अन्नावरची वासना जाते. तिथले लोक या त्रासाला सोरोचे म्हणतात आणि त्यावर कोका नावाच्या झुडपाची पाने चघळतात किंवा त्यांचा काढा घेतात. खिंडीचे नाव वार्मिवान्युस्का. केचुआ ही तिथली भाषा, तिच्यात वार्मि म्हणजे बाई आणि वान्युस्का म्हणजे मेलेली. खालून पाहिले तर डोंगराची रेषा निजलेल्या बाईसारखी दिसते, म्हणून हे नाव पडले. बाकी भयंकर असे तिथे काही घडलेले नाही.

पुढे आणखी दोन खिंडी लागतात. वाटेत रुंकुराकाय, सायाकमार्का, फुयुपाटामार्का, विन्याय वायना अशी पडकी ठाणी भेटतात. फुयुपाटामार्का म्हणजे ढगांवरचे गाव, आणि पावसाळ्यात ते खरोखर ढगांच्या वर राहते. विन्याय वायना म्हणजे सदातरुण. हे तिथल्या एका ऑर्किडच्या फुलाचे नाव आहे. चौथ्या दिवशी पहाटे इंतीपुंकू, म्हणजे सूर्यद्वार, ओलांडले की खाली माचू पिचू दिसते. वाटेचा बराच भाग अजून जुन्या फरसबंदीचा आहे. शेकडो पायऱ्या आहेत, काही तर जिवंत खडकात कोरलेल्या. एका ठिकाणी कडा आडवा आला म्हणून इंकांनी त्यातून बोगदा काढून वाट पुढे नेली.

आता हे कोणी आणि कसे केले ते पाहा. पंधराव्या शतकात पाचाकुती नावाच्या राजाने कुस्कोचे लहान राज्य वाढवून मोठे साम्राज्य उभे केले. माचू पिचू त्याच्याच काळातले मानतात. त्या लोकांजवळ लोखंड नव्हते, घोडा नव्हता, चाकाची गाडी नव्हती. लिहिण्याची लिपीही नव्हती. दोऱ्यांना गाठी मारून ते हिशेब ठेवत, त्या दोऱ्यांना किपू म्हणतात. ओझे वाहायला लामा नावाचे जनावर होते खरे, पण ते पंचवीस-तीस किलोच्या वर नेत नाही, आणि जास्त लादले तर खाली बसते. उरलेले सगळे ओझे माणसाच्या पाठीवर. आणि तरीही या लोकांनी आजच्या सहा देशांतून जाणारे, 30,000 किलोमीटरहून लांब असे रस्त्यांचे जाळे बांधले. त्याला खापाक न्यान म्हणतात. 2014 साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. रस्त्यावर ठरावीक अंतराने तांबो, म्हणजे मुक्कामाची घरे आणि कोठारे असत. चास्की नावाचे जासूद पळत पळत निरोप नेत आणि पुढच्या चौकीतल्या गड्याच्या स्वाधीन करीत.

पाचाकुतीने रस्ता बांधला असे आपण म्हणतो. राजाने तर एक दगडही उचलला नसेल! प्रत्येक गावाने पाळीपाळीने राज्याला श्रम द्यायचे, अशी तिथली रीत होती. तिला मिता म्हणत. कोणी रस्ता करी, कोणी कोठार भरी, कोणी पूल विणी. हो, पूल विणत. आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवती दोरखंडांचा झुलता पूल आजही आहे. चार गावांचे लोक दरवर्षी जून महिन्यात जमतात, बायका गवताच्या बारीक दोऱ्या वळतात, पुरुष त्यांचे जाड दोर करून दरीवर ताणतात, आणि जुना पूल पाण्यात सोडून देतात. जवळच लोखंडी पूल झाला आहे, तरी हे काम थांबलेले नाही. राजा जाऊन पावणेपाचशे वर्षांवर झाली. पूल मात्र यंदाच्या गवताचा असतो.

ओझ्याचा विषय निघाला आहे तर एक शब्द सांगतो. या लेखाचे निमित्तच तो शब्द आहे. अँडीज पर्वताच्या खिंडींमध्ये, चढ जिथे संपतो तिथे, दगडांच्या राशी दिसतात. वाटसरू वर पोहोचला की एक दगड त्यावर ठेवतो. या राशींना आपाचेता म्हणतात. स्पॅनिश लोकांनी पाहिले आणि लिहून टाकले की हे लोक डोंगराच्या टोकाला देव मानून पुजतात. त्यांना उत्तर दिले गार्सिलासो दे ला वेगा याने. हा 1539 साली कुस्कोत जन्मला. आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश सरदार. केचुआ ही त्याची आईची भाषा. विशीत तो स्पेनला गेला तो परत आला नाही, आणि 1609 साली त्याने आपल्या आईच्या लोकांचा इतिहास छापला. त्यात तो व्याकरण काढून बसतो. म्हणतो, हे टोकाचे नाव नव्हेच. हा शब्द चतुर्थी विभक्तीचा आहे, 'जो ओझे वाहवितो त्याला' असा. ज्याने हा चढ चढायला बळ दिले, त्याला काही अर्पण असो, एवढे ते वाक्य, आणि लोक घाईने त्यातला एकच शब्द बोलत. अर्पण तरी काय? तोंडातला कोकाचा चोथा, एखादी काडी, गवताची पात, दगड, नाहीतर मूठभर माती. काहीच नसेल तर भुवईचा एक केस उपटून तो फुंकून देत. आणि हे कोण करी? गार्सिलासो स्पष्ट सांगतो, पाठीवर ओझे घेऊन जाणारे लोक. आणि तेही चढ पुरा झाल्यावरच.

व्युत्पत्तीचे वाद पंडितांना करू द्या. ज्याच्याजवळ द्यायला काही नाही, पाठीवरचे ओझेही दुसऱ्याचे, तो माणूस भुवईचा केस देतो, या एका गोष्टीपुढे मला इंकांचे सोन्याने मढवलेले देऊळ फिके वाटते.

पुढची कथा दुःखाची आहे, ती लांबवत नाही. 1532 साली पिसारोने काहामार्का येथे इंका राजा आताहुआल्पा याला पकडले. खोलीभर सोने घेऊनही दुसऱ्या वर्षी त्याला मारले. विल्काबांबाच्या रानात इंकांची एक गादी 1572 पर्यंत तग धरून होती, तिचाही शेवटचा राजा तुपाक आमारू कुस्कोच्या चौकात मारला गेला. स्पॅनिश राजवटीने मिता हा शब्द ठेवला आणि त्यातला जीव काढला. पूर्वी पाळीवर गेलेल्या माणसाला राज्याच्या कोठारातून खायला मिळे. आता तीच पाळी पोतोसीच्या चांदीच्या खाणीत लागली. माणसे कुटुंबासकट खापाक न्यानवरून चालत खाणीकडे नेली गेली, आणि कित्येक परतली नाहीत. त्याच वाटेने, त्याच शब्दाखाली.

माचू पिचू मात्र स्पॅनिशांच्या लुटीतून सुटले. ते ओस पडले, झाडी वाढली, आणि पुढे 1911 साली हायरम बिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने त्याचा शोध लावला, असे पुस्तकांतून लिहिलेले असते. हा शोध कसा लागला तेही ऐका. बिंगहॅमने स्वतःच लिहून ठेवले आहे. नदीकाठी मेल्चोर आर्तेआगा नावाचा शेतकरी राहत होता. वर अवशेष आहेत, असे तो म्हणाला. एक चांदीचा सोल, म्हणजे तिथला रुपयाच म्हणा, देण्याचे कबूल केल्यावर 24 जुलैला पावसाच्या भुरभुरीत तो वर घेऊन गेला. वर झोपडी होती! रिचार्ते आणि आल्वारेस नावाची दोन शेतकरी कुटुंबे तिथे राहत होती आणि इंकांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पीक काढत होती. सरकारी कर आणि लष्करातली सक्तीची भरती टाळायला ती वर आली होती. त्यांनी पाहुण्यांना थंड पाणी दिले, उकडलेली रताळी दिली. आर्तेआगा गप्पा मारत बसला आणि पुढचे गाव दाखवायला एक लहान मुलगा बरोबर दिला. म्हणजे 'शोध' लागला तेव्हा शोधलेल्या जागी लोक राहत होते, आणि वाट दाखवणारा एक पोर होता.

त्याच्याही आधी, 1902 साली, आगुस्तीन लिसार्रागा नावाच्या कुस्कोकडच्या माणसाने तिथल्या तीन खिडक्यांच्या देवळाच्या भिंतीवर आपले नाव आणि साल लिहिले होते. बिंगहॅमने ते पाहिले आणि आपल्या टिपणवहीत नोंदवलेही. दुसऱ्या वर्षी लिसार्रागा नदीत बुडून वारला. बिंगहॅमचे नाव मोठे होत गेले. त्याने पुढे खोदकाम करून नेलेल्या वस्तू येल विद्यापीठात शंभर वर्षे राहिल्या. पेरूने मागणी लावून धरली, तेव्हा 2010 साली करार झाला आणि त्या कुस्कोला परत आल्या. बिंगहॅमला कमी लेखण्याचे कारण नाही. त्याने मोजमाप केले, छायाचित्रे घेतली, जगाला सांगितले. ते काम रिचार्ते कुटुंबाच्या हातून झाले नसते. पण पाहणे, सांगणे आणि शोधणे हे तीन वेगळे धातू आहेत, त्यांचा अर्थ एक करू नये.

आता आजच्या वाटेकडे येऊ. पूर्वी कोणीही उठून या वाटेने जाई, जिथे हवे तिथे चूल मांडी. 2001 पासून नियम आले. परवाना लागतो, नोंदणी झालेला वाटाड्या बरोबर लागतो, आणि दिवसाला 500 माणसांपेक्षा जास्त सोडत नाहीत. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. या 500 मध्ये चालायला आलेले पाहुणे सुमारे 200 असतात. उरलेले 300 कोण? हमाल, स्वयंपाकी आणि वाटाडे. दोन पाहुण्यांमागे तीन माणसे!

तंबू, भांडी, शेगडी, शिधा, पाहुण्यांच्या पथाऱ्या, सगळे या हमालांच्या पाठीवर असते. हे खेड्यापाड्यांतले केचुआ बोलणारे शेतकरी, ज्यांच्या पूर्वजांनी तो रस्ता बांधला त्यांचेच वंशज. कित्येकांच्या पायांत अगदी अलीकडेपर्यंत मोटारीच्या टायरच्या वहाणा असत. सकाळी पाहुणा निघतो, मागून हे तंबू मोडून, ओझे बांधून निघतात, वाटेत त्याला मागे टाकून पुढे जातात, आणि पाहुणा धापा टाकत मुक्कामाला पोहोचतो तेव्हा तंबू उभे असतात, गरम पाणी तयार असते. त्यांच्या ओझ्याला पूर्वी धरबंध नव्हता. 2001 सालीच पेरूच्या संसदेने हमालांसाठी कायदा केला आणि 20 किलोची मर्यादा घातली. वाटेच्या चौकीवर आता ओझे काट्यावर तोलले जाते. कायदा झाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नाही. मजुरीची आणि निवाऱ्याची तक्रार अजून होते. पण काटा ठेवला गेला, ही लहान गोष्ट नाही.

तुमच्यापैकी कोणाची मुले-नातवंडे अमेरिकेत असतील आणि त्या बाजूला जायचे म्हणत असतील, तर नेणारा हमालांना किती मजुरी देतो, त्यांना झोपायला तंबू देतो का, हे आधी विचारायला सांगा. स्वस्तात नेणारा कोणाच्या तरी पाठीतूनच काढतो. आणि तिसऱ्या संध्याकाळी निरोपाला सगळे जमतात, तेव्हा आपापली नावे सांगण्याची तिथे पद्धत आहे. ती नावे नीट ऐकून घ्या म्हणावे.

ही तिसरी रात्र विन्याय वायनाजवळ होते. चौथ्या दिवशी अंधारातच पाहुण्यांना उठवतात, काहीतरी खायला घालतात, आणि ते सूर्यद्वाराकडे निघतात. हमाल त्यांच्याबरोबर जात नाहीत. ते तंबू गुंडाळतात, भांडी बांधतात आणि डोंगर उतरून थेट रुळांकडे जातात, कारण त्यांना पहाटेची गाडी गाठायची असते. वर पाहुणे माचू पिचू पाहत उभे असतात, त्या वेळी हे गाठोड्यांवर बसून घरी निघालेले असतात. वर्षानुवर्षे ही वाट चाललेल्या हमालांपैकी कित्येकांनी ते गाव आतून कधी पाहिलेले नाही.